निजता कुठी?

दारव्हा तालुक्यातल्या समस्त मण्यार सापांना कळवण्यात येते की, त्यांचे कट्टर विरोधक, आमचे नानाकाका, गेल्या महिन्यात वारले. त्यांनी हयातीत एकही साप मारला नाही. फक्त सापाला माणूस मिळू दिला नाही.

मला यवतमाळला फोन आला. चुलतभाऊ विलास रडत म्हणाला, "दादा, नाना गेले... दुपारी झोपेतच." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "खाटेवर होते ना?" "हो रे. मच्छरदाणीबी चारी बाजूनं खोचली होती." हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्या बंदोबस्तातून यम आत कुठून शिरला, हे मला अजून उमगलेलं नाही.

नानाकाका काही जन्मतःच असे नव्हते. कापसाला भाव मिळेना, त्या वर्षांतली गोष्ट. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणत गावानं कापूस घरातच भरून ठेवला होता. खिडकीपर्यंत कापूस, कापसात उंदीर, उंदरांमागे मण्यार, आणि खाटेला जागा नाही म्हणून माणसं खाली सतरंजीवर. मण्यार दिवसा दडून बसते, रात्री फिरते, आणि चावते ती इतकी हळू की निजलेल्याला पत्ता लागत नाही. शेजारचे देवराव, नानाकाकांचे लहानपणापासूनचे दोस्त, एका सकाळी उठून म्हणाले, "नाना, पोट दुखून राह्यलं गा." सूज नाही, रक्त नाही, खूण नाही. नानाकाकांनी स्वतःच्या हातानं त्यांना ओव्याचं पाणी पाजलं. मग देवरावांच्या पापण्या उघडेनात, तेव्हा जीप आणली... दारव्ह्याच्या अलीकडेच श्वास थांबला.

त्या दिवसापासून नानाकाकांना जगात एकच प्रश्न उरला. रस्त्यात कोणी विचारलं, "नाना, कापसाचा काय भाव?" तर ते म्हणत, "भावाचं सोड. निजता कुठी?" आमच्या घरी तर कापूस ऐटीत आत झोपे आणि माणसं ओसरीत, खाटांवर. माझ्या लग्नात त्यांनी अख्ख्या गावच्या खाटा गोळा केल्या आणि जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येक पाहुण्याची मच्छरदाणी गादीखाली खोचत फिरले. वणीहून आलेले माझे सासरे आतून ओरडले, "अहो व्याही, मी काय लोणच्याची बरणी आहे का?" नानाकाका शांतपणे दुसरी बाजू खोचत म्हणाले, "बरनीले साप चावत नाही. तुम्ही हालू नका."

सासरे आजही तो प्रसंग सांगतात, पण खाटेवर बसून.

या साऱ्याचा खरा ताप झाला तो काकूला. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात थंडगार फरशीवर आडवं व्हावं, एवढीच त्या माऊलीची हौस. "या मानसानं मले जमिनीले पाठ टेकू देल्ली नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. नानाकाका ऐकायचे आणि तिच्या खाटेखाली टॉर्च मारायचे.

अंत्यसंस्कार आटोपून आम्ही घरी आलो. नानाकाकांच्या थोरल्या बहिणीनं, आमच्या आत्याबाईंनी, फर्मान काढलं, "सुतक आहे. दहा दिवस साऱ्यांनी खालीच निजाचं." आत्याबाईंपुढे बोलायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, खुद्द नानाकाकांचीही नव्हती. यंदाही कापूस विकला गेला नव्हता, माजघर भरलेलं. त्याच्याच कडेला ओसरीत सतरंज्या पडल्या. नानाकाकांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मच्छरदाणी मात्र कोणी काढली नव्हती. चार खिळ्यांवर ती तशीच लटकत होती, रिकामी, कडा जमिनीपर्यंत आलेल्या.

आम्ही मुकाट्यानं आडवे झालो. विलासनं माझ्याकडे पाहिलं. मी पाय पोटाशी घेतले. काकू हळूच फरशीवर टेकली, आणि माझ्या मनात आलं, चला, हिची हौस तरी फिटली... काकू त्या मच्छरदाणीकडे बघत होती. मग तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आमची ती रांग पाहिली, आणि पदर खोचून आत्याबाईंपुढे ताडकन उभी राहिली.

"अवो आक्का, ते गेले... मन्यार थोडीच गेली! उठा समदे, खाटा आना!"