न पडणारा खटका

जवळच्या प्रतापगडची महाशिवरात्रीची जत्रा आटोपली की अर्जुनी मोरगावात शामकलाबाईच्या मिरची-कांडप मशीनपुढे बायांची रांग लागायची. नवरा गेला तेव्हा दिरानं हे मशीन विकायला काढलं होतं. शामकला त्याच्या अंगावर मुसळ घेऊन धावली, आणि मशीन राहिलं. तेव्हापासून कोणाचं ऐकून घ्यायची तिची सवयच मोडली. मुलगा प्रफुल ट्रकवर, बहुतेक बाहेरच. घरात सून हर्षा. मशीनमध्ये मिरची टाकायचं काम तिचं. डोळे बाराही महिने लाल.

त्या वर्षी मशीन घडीघडी बंद पडू लागलं. मोटारीचं बेअरिंग झिजलं होतं. लोड वाढला की बोर्डावरची एमसीबी खटकन खाली पडून लाइन तोडायची. बाया ताटकळायच्या. दोघीतिघी टोपल्या उचलून दुसऱ्या मशीनवर गेल्या, ते शामकलेच्या जिव्हारी लागलं.

"मोटार खोला लागते, काकू," वायरमन कवडू म्हणाला. "एमसीबीचा दोष नाही. ते तर तुमाले वाचवून राहिली."

"सीझनात मोटार खोलतोस? मंग ह्या बाया काय तुह्या घरी कुटतीन?"

दुसऱ्या दिवशी ती गाडीनं गोंदियाला गेली. दुकानदारानं काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. दिसायला सारख्याच.

"ये एमसीबी. लोड बढ़ा, शॉर्ट हुआ, तो खुद गिरेगी," तो म्हणाला. "और ये आइसोलेटर. ये खुद कभी नहीं गिरेगा, हाथ से ही बंद होगा. मशीन बंद करके लाइन काटने के लिए है. एक की जगह दूसरा मत लगाना, माताजी."

शामकलेनं त्यातलं 'नहीं गिरेगा' तेवढं उचललं.

कवडूनं आइसोलेटर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "हे एमसीबीच्या संगं बसवतो. एमसीबी काढत नाही मी."

रांगेतल्या बाया ऐकत होत्या. शामकलेनं आवाज चढवला. "काऊन गा? हात थरथरते का? सकायीच पेऊन आला का बापासारखा?"

कवडूचा बाप दारूनं गेला होता, हे गावाला ठाऊक होतं. एक बाई फिसकन हसली. कवडूचे कान लाल झाले. त्यानं मान खाली घालून एमसीबी काढली आणि तिच्या जागी आइसोलेटर बसवला.

मशीन धडाधड चालू लागलं. शामकला बायांना ऐकवायची, "पाहा, आता पडते का!"

"आत्या, वायरीचा वास येऊन राहिला," हर्षा एकदा म्हणाली.

"वास तुह्या नाकात हाये. मिरची टाक."

एका दुपारी बेअरिंग पूर्ण जाम झालं. मुसळ जागीच अडकलं आणि मोटार नुसती घूं घूं करू लागली. भिंतीवरच्या वायरीतून धूर निघाला, वरचं प्लास्टिक वितळून ठिबकू लागलं. बोर्ड शामकलेच्या हाताशी होता. ती दोन पावलं मागं सरली आणि ओरडली, "ए, खटका पाड!"

हर्षा मशीनला वळसा घालून धावली. तिनं खटका खाली ओढला, पण जाम मोटारीचा सगळा करंट त्यातून वाहत होता. बोर्डातून निळा जाळ फुटला. बाहेर विजेच्या डांबावरचा फ्यूज उडाला तेव्हा कुठं लाइन गेली. तोवर खटक्याचं प्लास्टिक हर्षाच्या तळव्याला चिकटलं होतं.

गोंदियाच्या दवाखान्यात तिची दोन बोटं काढली.

"एमसीबी कोणं काढली?" मशीनपाशी चौकशीला आलेल्या वीज कंपनीच्या माणसानं विचारलं.

"कवडूनं," शामकला त्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली. "मले बाईमाणसाले काय समजते?"

कवडूनं तिथं जमलेल्या बायांकडं पाहिलं. बाया आपापल्या टोपल्यांकडं पाहू लागल्या.

प्रफुल आला. खाटेशेजारी बसून शामकला हर्षाला पेज भरवत होती. "सांग त्याले, खटका कवडूनंच लावला ना?" तिनं चमचा तोंडाशी धरूनच विचारलं. लावला तर कवडूनंच होता. हर्षानं मान डोलावली, मग चमचा तोंडात गेला.

प्रफुलनं कवडूला भरबाजारात मारलं. सोडवायला कोणी गेलं नाही. त्यानंतर गावात त्याला कोणी साधा पंखाही लावायला बोलावला नाही. कवडू बायकोला घेऊन गोंदियाला गेला, राइस मिलमध्ये पोती उचलायला.

मोटार नवी आली, एमसीबी नवी आली. हर्षा डाव्या हातानं मिरची टाकू लागली, पण अर्धी भुईवर सांडायची. तिचा उजवा हात दिसला की शामकलेच्या डोक्यात सणक जायची. जणू तो हात तिला हिणवायलाच घरात फिरत होता.

"कामाची राहिली नाही," तिनं प्रफुलला फोनवर सांगितलं. "माहेरी धाडा लागते."

प्रफुल तिकडून, "तुले जसं वाटते तसं," म्हणाला.

बसस्टँडवर हर्षाच्या बॅगेची चेन लागेना. तीन बोटांच्या हातानं ती बॅग दाबून धरत होती आणि डाव्या हातानं ओढत होती. शामकला शेजारी उभी राहून पाहत होती. शेवटी कंडक्टरनं खाली उतरून चेन लावून दिली.

"आत्या, न्यायले कधी येतीन ते?" खिडकीतून हर्षानं विचारलं.

बस हलायच्या आधीच शामकला वळली. मशीनवर बाया खोळंबल्या होत्या.