माहेरची मोसंबी

बेलापूरच्या आमच्या मळ्यात विहिरीकाठी एक मोसंबी होती. तिची गोडी अख्ख्या बागेत न्यारी. सत्तर साली माझं लग्न खर्ड्याला ठरलं, तेव्हा वडिलांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, त्या झाडाच्या फांदीवरचा डोळा काढून जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर भरला आणि पाठवणीच्या वेळी ते कलम माझ्या मांडीवर ठेवलं. लोक लेकीला हंडे-कळशा देतात, आण्णांनी झाड दिलं.

सासरी ते परसात लावलं. दुष्काळात भांडी विसळलेलं पाणी घालून जगवलं. मी दिसले नाही की सासूबाई म्हणायच्या, "सून माहेरी गेली आसंल, बघा परसात." मी चिडायचे, पण खोटं नव्हतं. बेलापूर गाठायचं तर एसट्या बदलण्यात दिवस जायचा. इथं पान चुरगाळून हुंगलं की मी मळ्यात.

चौथ्या वर्षी भर श्रावणात, बहराचे दिवस नसताना, झाड फुलांनी लगडलं. मी हरखून आण्णांना निरोप धाडला, बघायला या.

आण्णा आले ते चहाही न घेता परसात गेले. पिवळट, डागाळलेलं पान उजेडाला धरलं. पानाआडचं एकुलतं एक वाकडं फळ चाचपलं आणि तिथंच खाली बसले.

"आपली सारी बाग ह्याच रोगानं गेली, बाई," ते म्हणाले. मला हे कुणी कळवलंच नव्हतं. सासरी नांदणाऱ्या लेकीला वाईट बातमी धाडायची नाही, ही आमच्या घरची रीत. "शेतीखात्याचे साहेब म्हनले, कवळ्या पालवीवरला बारका किडा ह्यो रोग झाडाझाडाला लावतो. अन् रोगी झाडाचा डोळा भरला, तर कलमासंगं बी जातो. आसं झाड अवेळीच फुलतं. म्या माझ्या हातानं तुला रोग आंदण दिला."

"ऱ्हाऊ द्या की, आण्णा."

त्यांनी आडाजवळच्या सासूबाईंच्या कागदी लिंबाकडं बोट केलं. "किडा त्याच्यावर बी जाईल."

कुऱ्हाड लावण्याआधी त्यांनी ते फळ तोडलं, सोललं, अर्धं मला दिलं. आंबट-कडू, घशाखाली उतरेना.

"कसं लागतंय?"

"विहिरीवरच्यासारखंच," मी म्हटलं.

आण्णांनी आपलं अर्धं खाल्लं. "व्हय," म्हणाले, "तेच हाय." आणि उठून कुऱ्हाड घेतली.

आण्णांना जाऊन आता कैक वर्षं झाली. बाजारात मोसंब्यांचे ढीग असतात, गोडही निघतात. मला मात्र ती कडू फोड हवी असते, समोर आण्णा बसलेले असताना.