प्रौढ वर्गातला परीक्षार्थी

परीक्षा माणसाच्या ज्ञानाचे अचूक माप घेते, यावर माझा त्या काळी विश्वास होता. सन पंचावन्नच्या सुमारास कामरगावजवळच्या एका खेड्यात मी प्रौढ वर्गाची परीक्षा घ्यायला गेलो. समोर पन्नाशीचा एक शेतकरी बसला. नाव आता आठवत नाही. त्याचा हात सारखा बंडीच्या खिशावर जात होता.

"पोराचं पत्र हाय, मास्तर," तो म्हणाला. "दुकानदार वाचते अन् गावभर सांगते. आठ दिवस झाले, फोडलं नाई. पास झालो का मीच वाचतो."

मी पुस्तक पुढे केले. त्याला घाम फुटला, अक्षर फुटेना. मागून कुणी तरी हसले, "बुढ्या, बैलं सोडून कायले आला इथं?"

मी 'नापास' लिहायला टाक उचलला. त्याने माझे मनगटच धरले.

"थांबा." त्याने पुस्तक उलटे फिरवले आणि धडा न अडखळता वाचला. "चार जनाईत एकच पुस्तक होतं. मले समोरची जागा भेटली, तिथून उलटंच दिसे."

धडा पाठ असेल, म्हणून मी त्याला पत्र वाचायला सांगितले. त्याने ते फोडले, उलटे धरले आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. शेवटी मुलाने लिहिले होते, 'पत्र वाचून दाखवणाऱ्यास नमस्कार.'

तो थबकला. "हा तर मलेच आला, मास्तर."

मी त्याला पास केले. कागद कोणत्या बाजूने धरावा, याला त्या परीक्षेत गुण नव्हते.