धानाच्या बांधीतलं गोल्फ

परदेशात शिकून आलेला माणूस परत येताना दोन गोष्टी हमखास आणतो. एक डिग्री आणि एक ओव्हरकोट. डिग्री भिंतीवर जाते, कोट डांबराच्या गोळ्यांसोबत पेटीत जातो. किस्से मात्र मागाहून, न बोलावता जमत राहतात. मी एकही मुद्दाम जमवला नाही. आमची मंडळी भेटली, की चहाचे कप धुवायला जायच्या आत एक नवा तयार झालेला असतो. मी त्याला फक्त इस्त्री करून ठेवतो. आमच्या शुभांगीताईंचं म्हणणं वेगळं आहे. "राजाभाऊंच्या गोष्टीतलं निम्मं वजा करा," त्या म्हणतात, "आणि उरलेल्या निम्म्यासाठी डोंगरेंना विचारा."

तर विद्यापीठ स्कॉटलंडमधलं. नाव सांगत नाही. आपल्या नावावर नागपुरात काय काय चालतं ते त्यांना न कळलेलंच बरं. त्याच्या माजी विद्यार्थ्यांची नागपूर शाखा म्हणजे आम्ही सात जण. सातांत एक सचिव, एक अध्यक्ष आणि पाच जण तक्रार करणारे.

*

सचिव म्हणजे वामनराव डोंगरे. मूळचे कुहीकडचे, मास्तरांचा मुलगा, सरकारी स्कॉलरशिपवर गेलेले. नोकरी सगळी उमरेडला, कोळसा खाणीच्या ऑफिसात. शाखा त्यांनीच काढली, आणि ती निघाली धंतोलीत, एका दवाखान्यात.

बावीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरे आईचा गुडघा दाखवायला डॉक्टर पाठकांकडे गेले. पाठक हाडांचे डॉक्टर. तिथून दोन पदव्या आणि एक सुवर्णपदक घेऊन आलेले. ही तिन्ही पहिल्या पाच मिनिटांत आपल्याला कळली नाहीत, तर दोष आपला. डोंगऱ्यांचं लक्ष भिंतीवरच्या फ्रेमकडे गेलं आणि ते गुडघा विसरले.

"डॉक्टरसाहेब, लायब्ररीच्या मागे ती बेकरी होती का जी तुमच्या वेळेस? ती म्हातारी संध्याकाळी उरलेले बन अर्ध्या भावात द्यायची?"

डॉक्टरांनी हातातला एक्स-रे खाली ठेवला. बाहेर भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतचे पेशंट बाकांवर बसलेले, आणि आत बेकरी. म्हातारीचं मांजर निघालं, मांजराचं नाव निघालं, नावावरून वाद झाला. अर्ध्या तासानं डोंगऱ्यांची आई म्हणाली, "वामन, बन खाऊन झाले असन तर माहा गुडघा दाखव."

पुढच्या रविवारी दोघांनी मिळून शाखा काढली. डॉक्टर अध्यक्ष झाले, कारण दुसरं काही व्हायची त्यांना सवय नव्हती. बाकीचे पाच डोंगऱ्यांनी एकेक करून शोधले. मी त्यांना बँकेच्या रांगेत सापडलो. माझ्या पिशवीवर विद्यापीठाचं चिन्ह होतं आणि पिशवीत वांगी होती.

*

आमचा मोठा सण म्हणजे ओव्हरकोट डे. कल्पना शुभांगीताईंची. त्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या, त्यामुळं जुन्या वस्तू वापरात आल्या पाहिजेत असं त्यांना वाटतं. जानेवारीतल्या एका रविवारी सगळ्यांनी तिथले कोट घालून त्यांच्या गच्चीवर जमायचं.

पहिल्या वर्षी एकच चूक झाली. थंडी पहाटेची होती आणि कार्यक्रम दुपारी बाराचा. गच्चीवर ऊन असं, की पापड वाळावेत. सात माणसं लोकरीच्या कोटात, वरपर्यंत गुंड्या लावलेल्या, आणि डॉक्टरांचं फर्मान की अध्यक्षीय भाषण संपेपर्यंत कोणी कोट काढायचा नाही. भाषण तिथल्या धुक्यावर होतं. धुक्याच्या पाच प्रकारांपैकी तिसऱ्यावर आले, तेव्हा आमचे भूगर्भवाले शेंडे गुपचूप खाली बसले आणि मग गुपचूप आडवे झाले.

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी वाकून शेंड्यांचा हात बघितला, पाय बघितले आणि म्हणाले, "हाडं ठीक आहेत. पुढचं माझ्या विषयात येत नाही."

शेवटी डोंगऱ्यांनी कोट काढून लिंबाचं सरबत आणलं. शेंडे उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले, की धुक्याचे प्रकार चारच असतात, डॉक्टर पाच सांगत होते.

*

त्याच गच्चीवर स्ट्यूचा प्रकार झाला.

आमच्यातल्या जोशी नवरा-बायकोची तिथंच ओळख झाली आणि तिथंच लग्न ठरलं. म्हणून त्यांना तिथलं सगळं चांगलंच आठवतं, जेवणसुद्धा. मिसेस जोशींनी तिथल्या कॅन्टीनसारखा मटणाचा स्ट्यू केला. अगदी प्रामाणिक केला. त्यात मटण होतं, बटाटा होता आणि पाणी होतं. एकेक चमचा चाखून सगळे आदरानं गप्प झाले. असं गप्प आपण एखाद्याच्या घरी फोटोला हार घातलेला पाहून होतो.

डोंगरे म्हणाले, गरम करून आणतो. पातेलं घेऊन खाली गेले, वीस मिनिटांनी वर आले. वास जिन्यातूनच आला. नाक पाणावलं, डोळे पाणावले, शेंड्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. रस्सा लालभडक, वर बोटभर तेलाची तर्री.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "तीच चव," ते म्हणाले. "तीस वर्षं झाली, पण अगदी तीच."

मिसेस जोशी संकोचून म्हणाल्या, "मी काही विशेष नाही केलं." डोंगरे खाली बघून पोळी मोडत होते. त्यांच्या खिशातून सावजी मसाल्याची रिकामी पुडी डोकावत होती. ती मी बघितली. वजा करायची असेल, तर ही गोष्ट वजा करू नका.

*

आता गोल्फ. स्कॉटलंडला शिकून आलात आणि गोल्फ येत नाही, हे ऐकल्यावर लोकांचा चेहरा पडतो. तो पडू नये म्हणून आम्ही गोल्फ सुरू केलं. आमच्यापैकी एकालाही तिथं असताना ते परवडलं नव्हतं. कुंपणाबाहेरून बघितलं होतं, एवढाच अनुभव.

शुभांगीताईंचं कुहीजवळ धानाचं शेत आहे. डिसेंबरात धान निघालं की बांध्या मोकळ्या होतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. अशा नऊ बांध्या. प्रत्येकीत पहारीनं एक खड्डा, खड्ड्यात वनस्पती तुपाचा जुना डबा आणि शेजारी काठीला फडकं. खेळायच्या काठ्या सात जणांत पाच. बॉल पांढरे, आणि शेतात बगळेही पांढरे. पहिल्या वर्षी मिस्टर जोशी अर्धा तास एका बॉलच्या दिशेनं चालत गेले आणि बॉल उडून गेला.

हरवलेल्या बॉलांचं काय होतं, ते जानेवारीत कळलं. शेजारच्या शेतातली यमुनाबाई पदरात काहीतरी घेऊन आली आणि तिनं शुभांगीताईंपुढं अकरा गोल्फ बॉल मांडले.

"एकवीस दिवस बसली माही कोंबडी यायच्यावर," ती म्हणाली. "उठून नाही राहिली. तुमचे अंडे वांझ हायेत, वं."

त्या दिवशी जेवताना डोंगऱ्यांनी त्या कोंबडीला शाखेची सन्माननीय सभासद करून घ्यायचा ठराव मांडला. डॉक्टरांनी विरोध केला. किमान पदवीची अट आहे म्हणाले. सगळे हसले. डोंगरेही हसले, पण एक क्षण उशिरा. मला वाटलं, घास अडकला असेल.

*

तो घास कसला, ते मला गेल्या डिसेंबरात कळलं.

विद्यापीठाचं पत्र आलं. माजी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातली फियोना नावाची एक बाई भारतात येते आहे. नागपूरची शाखा बघायची आहे, आणि पदवीधरांचा एक फोटो त्यांच्या मासिकात छापायचा आहे. डॉक्टर इतके खूश झाले, की त्यांनी दोन ऑपरेशनं पुढं ढकलली. गोल्फच दाखवायचं ठरलं.

आदल्या दिवशी मी आणि डोंगरे काठ्या आणि डबे घेऊन कुहीला निघालो होतो. उमरेड रोडला लागल्यावर ते म्हणाले, "राजाभाऊ, गाडी बाजूले घ्या जरा."

घेतली.

"उद्या मी येत नाही. ताप आहे म्हणून सांगा."

"कुठं आहे ताप?"

"उद्या येईल ना." मग म्हणाले, "माह्याजवळ डिग्री नाही, राजाभाऊ. एकच हिवाळा होतो मी तिथं. बाबाले लकवा मारला, तार आली, निघून आलो. भाऊबहिणी लहान. परत जाणं झालंच नाही. डॉक्टरसाहेबांच्या भिंतीवर ते दिसलं अन् माह्यानं राहावलं नाही, बेकरीचं बोललो. मग त्यायनं विचारलंच नाही, अन् मी सांगितलं नाही. बावीस वर्षं झाली. आता ती बाई यादी घेऊन येईल. सगळ्यांसमोर हे बाहेर निघन."

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण त्या वेळी एकही कामाची सुचली नाही. मी एवढंच म्हणालो की तुम्ही आला नाहीत, तर सहा जणांना दुसरी बांधी कुठली आणि तिसरी कुठली तेही सांगता येणार नाही. बाईचं मी बघतो. रात्रभर जागून मी तीन गोष्टी तयार केल्या. एकीत विद्यापीठाच्या दप्तरखान्यात पाणी शिरत होतं. दुसरी आणि तिसरी त्याहून वाईट होत्या.

*

फियोना निघाली तरुण, नुकतीच नोकरीला लागलेली. आल्या आल्या तिनं बूट काढले आणि ढेकळांतून अनवाणी खेळली. नऊ डबे खेळायला किती फटके धरतात, असं तिनं विचारलं. डोंगरे म्हणाले, जेवण तयार होईपर्यंत जितके होतील तितके. तिला हे इतकं आवडलं, की तिनं ते वहीत लिहून घेतलं. सकाळभर डोंगरे तिला बेकरी, मांजर, पावसात गळणारं वसतिगृह सगळं सांगत होते. तिचं स्वतःचं बालपण त्याच गल्लीत गेलेलं. ती म्हणाली, इतकं तर आमच्या गावातही आता कोणाला आठवत नाही.

मला वाटलं, निभावलं.

जेवणं झाली. आंब्याखाली सतरंजीवर सगळे टेकलो होतो. फियोनानं पिशवीतून एक निळी मखमली डबी काढली. आत कोटाला लावायच्या बारक्या चांदीच्या पिना, विद्यापीठाच्या चिन्हाच्या. फक्त पदवीधरांना देतात म्हणाली. या लावून फोटो काढू.

तिनं पिना मोजल्या, मग आम्हाला मोजलं, मग परत पिना मोजल्या.

"ऑफिसनं मला नागपूरला सहा पदवीधर आहेत असं सांगितलं," ती हसून म्हणाली. "तुम्ही तर सात आहात. तुमच्यात पाहुणा कोण आहे?"

तिच्या मनात काही नव्हतं. सहज विचारलं होतं. मी तोंड उघडलं. दप्तरखाना, पाणी, काहीही आठवेना. डोंगऱ्यांनी हातातला पेला खाली ठेवला, धोतराला पुसावेत तसे पँटला हात पुसले आणि उठायला लागले.

"मी," डॉक्टर पाठक म्हणाले.

फियोनानं त्यांच्याकडे बघितलं. तिची नजर त्यांच्या गळ्याकडे गेली. डॉक्टर त्या दिवशी विद्यापीठाचा टाय बांधून आले होते. रुंद, मरून रंगाचा, पदकवाल्यांनाच मिळतो तो.

डॉक्टरांनीही खाली टायकडे बघितलं.

"हा डोंगरेंचा आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "सकाळी मागून घेतला. पाहुण्यानं जरा बरं दिसावं म्हणून."

त्यांनी गाठ सोडली, टाय काढला, घडी केली आणि डोंगऱ्यांच्या हातात दिला.

मी बाकीच्यांकडे पाहिलं. शुभांगीताई आंब्याच्या फांद्यांकडे बघत होत्या. जोशी नवरा-बायको बगळे मोजत होते. आणि शेंडे, ज्यांनी बावीस वर्षांत डॉक्टरांचं एकही वाक्य न खोडता जाऊ दिलं नाही, त्यांनी डबीतून आपली पीन उचलली आणि मान खाली घालून ती शर्टाला लावायला लागले.

फोटो डॉक्टरांनीच काढला. पाहुण्याचंच काम ते. आम्ही सहा ओळीत उभे. मधोमध डोंगरे, शर्टावर पीन, हातात टायची घडी घट्ट धरलेली. डॉक्टरांनी तीनदा सगळ्यांना सरळ उभं केलं, शेंड्यांना पोट आत घ्यायला लावलं.

फियोना हात धुवायला विहिरीकडे गेली. डोंगरे डॉक्टरांजवळ येऊन उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, तुमाले कधीपासून..."

डॉक्टरांनी मोबाइल खिशात टाकला.

"डोंगरे, जेवण होऊन अर्धा तास झाला. पाहुण्याला अजून कोणी चहा विचारला नाही. हीच पद्धत आहे का तुमच्या युनिव्हर्सिटीची?"