पोत्याले लाज नसते

माझे बाबा फौजेत हवालदार होते आणि एका जखमी शिपायाला पाठीवर घेऊन बर्फाचा डोंगर उतरले होते. बाबा सांगत तेव्हा ती टेकडी असे. मी अमरावतीला सासरी सांगितलं तेव्हा तिचा डोंगर झाला, आणि माझ्या लेकींपर्यंत पोचेस्तोवर त्याच्यामागे आणखी दोन डोंगर उभे राहिले. शिपायाचं वजनही दरवर्षी वाढतं. सध्या तो बैलाएवढा आहे. कुणाची हरकत असेल त्याने स्वतः उचलून पाहावा.

आईचं मात्र मी वाढवून सांगत नाही. गरजच नाही. मी दहावीत असताना तिला लकवा मारला आणि उजवा पाय गेला तो गेलाच. बाबा फौज सोडून अकोल्याला आले. नातेवाईक म्हणाले, "एखादी बाई लाव कामाले." बाबा म्हणाले, "ड्युटी माही हाय."

तिची वेणी ते घालू लागले. इतकी आवळून, की तिच्या भुवया कानांना भेटायला जायच्या. वांग्याच्या भाजीत अशी तर्री सोडायचे की शेजारचे घर सोडून रस्त्यावर येऊन शिंकायचे. शेजारणीकडे हळदीकुंकू असलं की आईला पाठीवर घ्यायचे, आत नेऊन बायकांत बसवायचे आणि स्वतः उंबऱ्याबाहेर मिशीला पीळ देत थांबायचे. बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसत. "चालू द्या तुमचं," बाबा म्हणत, "मी पहाऱ्यावर बसलो."

मलाही शिकवलं. सरकीचं अर्धं पोतं पाठीवर देऊन अंगणात फिरवायचे. "वजन कमरेवर घे. पायाकडे नोको पाहू, समोर पाह्य. अन् सारखं बोलत राह्य."

"पोत्याशी काय बोलू, बाबा?"

"पोत्याले लाज नसते वो पोरी, मानसाले असते. उचललेलं मानूस हासलं पायजे. नाई तं त्याले आपलं वजन कळते."

माझं लग्न अकोल्यातच झालं. कार्यालय पहिल्या मजल्यावर, जिना उभा. बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, तिचा आवाज अकोटात निघाला तर तेल्हाऱ्याच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. तिने खालीच फर्मान काढलं, "कन्यादानाले काका-काकू बसतीन. पाय गेलेली बाई पाटावर बरी नाई दिसत. अमरावतीचे वकील लोक हायेत, काय म्हनतीन?"

बाबा उकिडवे बसले. आईला पाठीवर घेतलं आणि जिना चढू लागले. बँडवाल्याला वाटलं नवरदेव आला. त्याने दणक्यात वाजवायला सुरुवात केली. प्रत्येक पायरीवर बाबांचं तोंड चालूच. "घोड्यावर नवरदेव लय पाह्यले वो, पन नवरीची मायच घोड्यावर, हे पह्यल्यांदा!" आई इतकी हसली की अंबाडा सुटला. तशीच सुटल्या केसांनी पाटावर बसली आणि कन्यादान तिनेच केलं. आणि ते वकील लोक? माझ्या सासऱ्यांनी उठून तिच्या पाठीशी लोड लावून दिला.

यंदा श्रावणात बाबा गेले. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या मूळ गावी, झोपेत, मिशीला पीळ असतानाच. अंगणात तिरडी बांधली. चुलतभाऊ मडकं धरून पुढे उभा राहिला. तेवढ्यात आई म्हणाली, "मले मसनापर्यंत यायचं हाय."

आत्या आता काठीवर आहे, आवाज तोच. "बाया मसनात जात नाईत! त्यात हे अशी. कोन नेईन इले? चाकाची खुर्ची फसन चिखलात."

खुर्ची फसणारच होती. गाडरस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती माती चप्पल तर मागतेच, वरून पायही ठेवून घेते. आई नुसती तिरडीकडे पाहत राहिली. तिचा जीव त्या एका वाटेत अडकला होता आणि भरल्या अंगणात तिच्यासाठी एक पाठ नव्हती. पाठवाला तर तिरडीवर निजला होता.

मी पदर खोचला आणि तिच्यापुढे उकिडवी बसले. "चढ, माय."

"तुयी कंबर मोडन, बाई."

"मोडली तं तुया जावयाले दोघींच्या वेन्या घालाले लावीन."

"लोक काय म्हनतीन?" आत्या ओरडली.

"म्हनू द्या. आत्या, बाजूले व्हा, नाई तं तुमालेबी उचलीन."

निघालो. वजन कमरेवर, नजर समोर. आणि तोंड चालू. "पाह्य माय, बाबाले उचलाले चौघं लागून राह्यले. तुले उचलाले एकच पुरे." पुढच्या खांदेकऱ्यांनी माना वळवून पाहिलं. वळवू द्या. मी बर्फाचा डोंगर काढला. तीनाचे चार केले, चाराचे सात केले. शिपायाच्या पाठीवर आणखी एक शिपाई बसवला. आईची हनुवटी माझ्या खांद्यावर हलत होती. हसत होती की रडत होती, वळून पाहायची सोय नव्हती.

नाल्याच्या उतारावर माझा पाय सटकला. कशीबशी सावरले, पण दम गेला आणि तोंड बंद पडलं. समोर तिरडी पुढे जात राहिली. एकाएकी आई फार जड झाली.

तेवढ्यात कानाशी आवाज आला, "काहून थांबली? सात डोंगर उतरले. मंग काय झालं त्या दोघायचं?"

मी आठवा डोंगर उभा केला आणि चिखलातून पाय उपसला.