सासूबाई मध्यंतरात हरवल्या

लग्नाला अकरा महिने झाले असताना मी सासूबाईंना हरवलं. हरवलं म्हणजे त्यांच्यावर मात केली असं नव्हे (ते आजवर कुणालाच जमलेलं नाही). हरवलं म्हणजे, बसवल्या होत्या त्या जागी त्या नव्हत्या, आणि तिथे बसवलं मीच होतं.

मी सांगलीची. झाशीत सून म्हणून आले. सासरी सगळे मराठीच बोलायचे, पण त्यात हिंदी इतकं मुरलेलं की पहिले काही महिने मी नुसतीच मान हलवत होते. सासूबाई मला 'बहू' म्हणायच्या आणि रागावल्या की 'सूनबाई'. आमचं भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. म्हणून ह्यांना कचेरीतून एका विदेशी चित्रपटाचे दोन पास मिळाले आणि रविवारी दुपारी ह्यांची नेमकी ड्यूटी निघाली, तेव्हा हे म्हणाले, "तू आईला घेऊन जा. तेवढीच ओळख वाढेल."

सिव्हिल लाइन्समधलं सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. चित्रपट युरोपातल्या कुठल्याशा देशाचा. एक जोडपं तळ्याकाठी सुट्टीला येतं. बायको बोटीची तिकिटं काढायला जाते, ती परत येतच नाही. नवरा तिला शोधत सुटतो. वर्षं जातात, नोकरी जाते, दाढी वाढते, पण त्याचा शोध काही थांबत नाही. खाली इंग्रजी अक्षरं यायची. मी ती वाचून सासूबाईंच्या कानात सांगत होते. अक्षरं भरभर जायची, त्यामुळे मधलं बरंचसं मी मनानेच भरत होते.

"पळून गेली का ती?"

"नाही हो, आई."

"मग कुणी नेली?"

"ते अजून कळलेलं नाही."

"मग हा रडत कशाला बसलाय? आधी नीट पता तर लाव म्हणावं."

मागून कुणीतरी म्हणालं, "माताजी, ज़रा धीरे."

मध्यंतरात मी चहा आणायला गेले. रांग लांब होती. दोन्ही हातांत कुल्हड घेऊन परतले तेव्हा दिवे मालवले होते आणि सासूबाईंची खुर्ची रिकामी होती. पिशवी नाही, चपला नाहीत. पडद्यावर तो दाढीवाला धक्क्यावर उभा राहून बायकोला हाका मारत होता.

एरवी शहाण्या माणसाला वाटलं असतं, बाथरूमला गेल्या असतील. मीही तिथे बघून आले. तिथे त्या नव्हत्या. मग मात्र तासभर जे पाहिलं होतं ते सगळं डोक्यात चढलं. दारावर खाकी स्वेटर घातलेला एक माणूस पास तपासत होता. मी त्याला गाठलं.

"भैया, एक अम्माजी बाहर गईं क्या?"

"साड़ी किस रंग की थी?"

नगऱ्यातल्या आमच्या घरून इथवर रिक्षात आम्ही दोघी अगदी चिकटून बसून आलो होतो, आणि मला त्यांच्या साडीचा रंग आठवेना.

"चश्मा लगाती हैं?"

"हाँ. मतलब, पढ़ते समय. शायद."

"आपकी कौन लगती हैं?"

"सास."

"अच्छा," तो म्हणाला. त्याला सगळा उलगडा झाल्यासारखं दिसलं.

बाहेर एक रिक्षावाला म्हणाला, पांढऱ्या साडीतल्या एक अम्मा आत्ताच बडा बाजारला गेल्या. पांढरी असेलही (त्या क्षणी मी जांभळीसुद्धा मान्य केली असती). मी त्याच्याच रिक्षात बसले. कुल्हड अजून हातात होते. ते आपोआप रिकामे होत गेले, निम्मे रस्त्यावर आणि निम्मे माझ्या पदरावर.

बाजारात एका भाजीवालीपुढे पाठमोऱ्या सासूबाई दिसल्या. तीच ठेवण, तोच अंबाडा. हाक मारली तर वळेनात. चित्रपटातला तो नवरा असाच भलत्या बायकांमागे तीनदा धावला होता. त्यातून काही शिकायचं सोडून मीही धावले आणि खांदा धरला. "आई, मला न सांगता कशा आलात तुम्ही?"

वळल्या त्या कुणी दुसऱ्याच आजी. हातात मेथीची जुडी. "का भओ, बिटिया?" काय झालं, म्हणून विचारू लागल्या.

मला रडू फुटलं. भर बाजारात. घरी जाऊन ह्यांना काय सांगू, ही भीती होतीच. पण रडू त्याचं नव्हतं. ह्या परक्या गावात दुपारचं जेवण माझ्यासाठी झाकून ठेवणारं एकच माणूस होतं, आणि मी त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. आजींनी माझे डोळे पुसले, शेजारच्या दुकानातून पाणी मागवून मला पाजलं आणि रिक्षावाल्याला दम दिला, की हिला जिथून आणलंस तिथे सांभाळून सोड.

परतले तर सभागृहात दिवे लागलेले आणि चित्रपट बंद. कोऱ्या पडद्यासमोर सासूबाई उभ्या होत्या.

खाकी स्वेटरवाला हळू आवाजात माहिती देऊ लागला. त्याने मला ओळखलं नसावं. माझ्या अवताराकडे बघून मला कुणीच ओळखलं नसतं. म्हणाला, ह्या अम्माजींना चित्रपटातली ती हरवलेली बायको सापडते की नाही याची घालमेल सोसेना. मध्यंतरात त्या सरळ जिना चढून चित्रपट चालवणाऱ्या मशीनवाल्याला विचारायला गेल्या. त्याने त्यांना स्टूल दिलं आणि सगळी गोष्ट हिंदीत सांगितली. खाली येऊन बघतात तर सून गायब. तेव्हापासून खेळ बंद आहे.

पडद्यासमोरून सासूबाईंचा आवाज येत होता. "हमारी बहू खो गई है। पीली साड़ी, हरी किनार। बाएँ हाथ की एक चूड़ी कल टूटी है। कान के पीछे तिल है। हिंदी बोलने में घबराती है, इसलिए किसी को मिले तो डाँटना मत। और बहुत समझदार है। बिना सोचे कहीं नहीं जाती।"

मी त्याला म्हटलं, "भैया, वो मैं ही हूँ।"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चहाने भिजलेला पदर, लाल नाक, विस्कटलेले केस.

"साड़ी तो वही है," तो म्हणाला, "पर वो किसी समझदार को ढूँढ़ रही हैं।"

मी वाद न घालता सरळ सासूबाईंकडे निघाले.