उपरण्याखालचं एक बोट

आमच्या गावच्या देशमुखांनी माझं घर लुबाडलं. मी बैलांचा दलाल. समोरच्याच्या डोळ्यावरून त्याचा भाव ओळखणारा. तरी फसलो, कारण घाबरलो होतो.

पोलीस अ‍ॅक्शनचे दिवस होते. रझाकारांशी माझा संबंध एवढाच, की त्यांनी माझे दोन बैल दावणीचे सोडून नेले. हे देशमुखांच्या डोळ्यांदेखत झालं. पण रझाकार पळाले आणि दाढी माझी उरली. देशमुख म्हणाले, "जीव घेऊन जा. किल्ली दे, घर मी बघतो." मी दिली. आईला आणि बायकोला घेऊन हैदराबाद गाठलं. आठ महिने एका दर्ग्याच्या ओसरीवर काढले.

परत आलो तेव्हा दोघींना देवगाव फाट्यावर लिंबाखाली बसवलं. गावात न्यायची छाती झाली नाही. बायको म्हणाली, "दिन डूबने के पैले आओ."

माझ्या घराच्या दारात कडब्याची गंजी. आत चुलीपाशी देशमुखांचा बैल. मीच विकलेला. त्यानं मान वर करून मला ओळखलं. शेजाऱ्यांनी ओळखलं नाही. पाच खणांचं घर. बाप लोकांची जनावरं राखायचा. मी दलाली करून एकेक खण वाढवला होता.

गावचा बाजार भरला होता. देशमुख बैलांच्या गर्दीत भेटले. मी म्हणालो, "मालक, किल्ली."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर कापड टाकायचं, आत बोटं धरायची. आतलं बाहेर सांगायचं नाही. सांगितलं तर त्या दलालाच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

"एक बोट, एक खण," ते हळूच म्हणाले. आणि माझं एकच बोट धरलं.

बाजूनं कुणीतरी विचारलं, "बैल घ्यायलाय का भाई?"

माझा हात थरथरत होता. लोकांपासून कापडानं लपलं. त्यांच्यापासून कसं लपणार? ते हसले.

"हात कापायलाय की मियाँ. बैलाचे दात बघताना नव्हता कापत." मग कानाशी आले. "रझाकारांना बैल तूच दिलेस, असं चौकीत सांगू का? एक खण घे अन् गप राहा."

पाय पळा म्हणत होते. फाट्यावर दोघी वाट बघत होत्या. मी ते बोट घेतलंही असतं. पण त्यांनी माझं बोट दाबलं. अडलेल्या गिऱ्हाइकाचं मी दाबायचो, अगदी तसंच.

मी उपरणं ओढून खाली टाकलं. मोठ्यानं बोललो. आवाज फाटला, तरी बोललो.

"देशमुख माझ्याच घरातला एक खण मला द्यायलेत. माझे बैल रझाकारांनी नेले तेव्हा हे दारात उभे होते. आता म्हणतात, मी दिले."

देशमुखांनी उपरणं उचललं, झटकलं. लोक पुन्हा आपापल्या बैलांकडे वळले. दिवस मावळायच्या आत मी फाट्यावर पोचलो, मागं बघत, पळत.

आता सेलूत भाड्याच्या खोलीत राहतो. दलाली सुटली. गावच्या बाजाराला मात्र दर आठवड्याला जातो. दर वेळी भीती वाटते, तरी जातो. तिथंच उभा राहून तेच विचारतो, इथं हे सांगतानाही विचारतो.

देशमुख, किल्ली मी तुमच्या हातात दिली होती. ती परत का देत नाही, सांगा. कापड न टाकता, चारचौघांत, तोंडानं सांगा.